उंटावरून हाकलेल्या शेळ्या

महाराष्ट्रात २०१२च्या पशुगणनेत सुमारे ८४ लाख शेळ्या नोंदल्या गेल्या होत्या. २०१९च्या गणनेत हा आकडा सुमारे १ कोटी ६ लाखांवर गेला. सात वर्षांत झालेली ही वाढ पंचवीस टक्क्यांची आहे. याच काळात राज्यातील गायी-बैलांची संख्या मात्र दीड कोटीच्या वरून १ कोटी ४० लाखांच्या आसपास घसरली. चारा-पाण्याची टंचाई, शेतात आलेली यंत्रे आणि २०१५च्या कायद्यानंतर भाकड बैल विकण्याची बंद झालेली वाट लक्षात घेता या स्थित्यंतराचे नवल वाटण्याचे कारण नाही. मोठे जनावर ज्या घराला पेलवेनासे झाले, त्या घराने शेळीचे दावे धरले. गरिबाची गाय म्हणून तिची ओळख जुनीच आहे. प्रश्न आहे तो धोरण आखणाऱ्यांना ही ओळख उरली आहे का, हा.

राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ साली फेररचना झाली. त्यातील शेळीपालनाच्या अनुदानाची किमान पायरी शंभर शेळ्या व पाच बोकड अशी आहे. प्रकल्पखर्चाच्या निम्मे अनुदान मिळते. पण उरलेला निम्मा खर्च, जागा आणि बँकेचे कर्ज ज्याच्या आवाक्यात आहे, त्यालाच. राज्याची दहा शेळ्या व एक बोकड अशा गटवाटपाची योजना गरिबाला त्या मानाने जवळची आहे. तरीही परसात दोन-चार शेळ्या बांधणारी भूमिहीन स्त्री या दोन्ही चौकटींच्या बाहेरच राहते. वास्तविक राज्यातील शेळ्यांचा मोठा भाग अशाच छोट्या दावणींवर आहे. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते याहून वेगळे नसावे.

छोट्या दावणीचा हिशेब साधा आहे. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. उस्मानाबादी जातीत जुळी करडे होणे नित्याचे आणि नीट निगा राखल्यास दोन वर्षांत तीन वेते मिळतात. म्हणजे दोन शेळ्यांपासून दोन वर्षांत डझनभर करडे होऊ शकतात. त्यातली तीन-चार दगावली तरी आठ-नऊ हाती लागतात. शाळेची फी, दवाखाना, पेरणीचे बियाणे अशा अडीअडचणीला एखादे करडू विकले जाते. शेळी हे त्या घराचे बचत खाते असते आणि बहुतेक ठिकाणी ते घरातील स्त्रीच्या ताब्यात असते, ही त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट.

दुधाचे उत्पन्न थोडे, पण घरच्या चहाला व लेकरांना पुरेल इतके असते. डेंग्यूच्या साथीत शहरांत या दुधाला अचानक सोन्याचा भाव येतो. त्याने रक्तातील प्लेटलेट वाढतात या समजुतीला भक्कम वैद्यकीय आधार नाही. उलट कच्चे दूध पिण्याने ब्रुसेलोसिससारखा आजार जडू शकतो, म्हणून ते उकळूनच घ्यावे. त्यात फॉलिक अ‍ॅसिड अत्यल्प असल्याने तान्ह्या बाळाला केवळ त्यावर ठेवणेही योग्य नव्हे. एवढे पथ्य पाळले तर ते उत्तम अन्न आहे.

तिसरे उत्पन्न लेंडीचे. गायीच्या शेणापेक्षा लेंडीत नत्र अधिक असते. शेतात मेंढ्या-शेळ्या बसवून घेण्यासाठी शेतकरी धनगरांना धान्य वा पैसे देत आले, ते उगाच नव्हे. मात्र लेंडी कठीण असल्याने सावकाश कुजते आणि तिच्यातून बाभळीचे बी व तण परसात उगवते. म्हणून ती फोडून, पाला व मूत्राने भिजलेली माती मिसळून काही महिने खड्ड्यात कुजवणे श्रेयस्कर. वांगी, मिरची, शेवग्याला असे खत मिळाले की विकतच्या पोत्यांची गरज बरीच कमी होते. त्याच शेवग्याचा आणि कुंपणाच्या शेवरी-सुबाभळीचा पाला पुन्हा शेळीला मिळतो.

हे चक्र तुटते ते प्रामुख्याने तीन ठिकाणी. पहिले ठिकाण रोगराईचे. आंत्रविषार आणि पीपीआर या दोन रोगांनी दावणच्या दावण रिकामी होते. दोन्हींवर प्रभावी लशी आहेत. पण आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचली जावी लागते आणि ती थंड ठेवून वाडीपर्यंत पोहोचवावी लागते. दोन शेळ्यांसाठी कोणी मैलोगणती चालत दवाखाना गाठत नाही. दवाखान्यानेच दारी जायला हवे.

दुसरे ठिकाण बाजाराचे. घरच्या गरजेपायी घाईने विकलेले करडू नजरेच्या अंदाजाने जाते, वजनाने नव्हे. तो अंदाज व्यापाऱ्याचा असतो. बकरी ईदचा सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६पासून तीन वर्षे तो मे महिन्यात येतो. ऐन उन्हाळ्यात चारा विकत घेऊन बोकड राखणे छोट्या पालकाला जमत नाही. तो फाल्गुन-चैत्रातच विकून मोकळा होतो आणि सणाचा नफा चारा साठवू शकणाऱ्याच्या पदरात पडतो. यात आणखी एक मेख आहे. सर्वांत देखणा, जोमदार बोकड आधी विकला जातो आणि पैदाशीला उरतो तो अशक्त, पुष्कळदा त्याच कळपातला. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले तर उस्मानाबादी असो, संगमनेरी, बेरारी वा कोकण कन्याळ, वाण खालावणारच.

तिसरे ठिकाण चराईचे. आदर्श गाव योजनेत चराईबंदी व कुऱ्हाडबंदीचा आग्रह आहे आणि त्याने डोंगर हिरवे झाले, हे मान्यच करावे लागेल. मोकाट शेळी कोवळी रोपे खाते, हा आरोपही खोटा नाही. पण ज्याला बांधच नाही त्याने बांधावरचा चारा कापून आणावा कुठून? बंदीचा लाभ विहीरवाल्याला आणि तिची किंमत भूमिहीनाला, असा हा व्यवहार होऊ नये. राखीव कुरणातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क ग्रामसभेने भूमिहीन पशुपालकांना दिला, तर डोंगर आणि दावण दोन्ही राखता येतात.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. पावसाळ्यापूर्वी वाडीवर लसीकरण, गावागणिक निवडक जातिवंत बोकड व दर दोन वर्षांनी त्याची अदलाबदल, ग्रामपंचायतीच्या दारात एक वजनकाटा आणि गावातीलच प्रशिक्षित पशुसखी, एवढ्याने बरेच साधेल. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी म्हण आहे. सध्या पाळणारीचीही गत फारशी वेगळी नाही. शंभर शेळ्यांच्या गोठ्यांची छायाचित्रे अहवालांत शोभून दिसतील. पण राज्याचे शेळीपालन टिकून आहे ते दोन शेळ्यांच्या दावणीवर. अनुदानाची पायरी तिथवर खाली उतरली पाहिजे.