तीन दिवसांची गाडी

गेले दोन वीकेंड गाडी शोधण्यात गेले. ऑफिसातला एक मित्र रोज नवा रिव्ह्यू पाठवतो आणि प्रत्येकात शेवटी 'विश्वासार्ह' हा शब्द असतोच. अरे बाबा, कंपनीने धुऊन-पुसून दिलेली गाडी तीन-चार दिवस चालवून हे कळलं कसं? स्टिअरिंग, ब्रेक, सीट याबद्दल पत्रकार लिहितो ते मी मानतो. पण साठ हजार किलोमीटरनंतर गिअरबॉक्सचं काय होईल, हे त्याला तरी कुठून ठाऊक?

अमेरिकेतल्या 'मोटर ट्रेंड' मासिकाने १९७१ ची 'कार ऑफ द इयर' म्हणून शेवरोले व्हेगा निवडली होती. पुढे हीच गाडी गंजक्या पत्र्यासाठी आणि तापून बिघडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या इंजिनासाठी बदनाम झाली. पत्रकार विकले गेले होते असं मी म्हणत नाही. गंज चढायला वेळ लागतो, एवढंच.

म्हणून मला तिथल्याच 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ची पद्धत पटते. जाहिराती घेत नाहीत, गाड्या स्वतः विकत घेतात, टिकाऊपणाचे आकडे सभासदांच्या सर्व्हेतून काढतात. अर्थात तेही चुकले! टोयोटाचं नवं मॉडेल आलं की आकडे यायच्या आधीच शिफारस करून मोकळे व्हायचे. २००७ मध्ये काही टोयोटा सर्व्हेत घसरल्या, तेव्हा त्यांनी ही सवलत जाहीरपणे बंद केली. हे मला जास्त आवडलं.

असो. काल खालच्या मजल्यावरच्या काकांकडे त्यांच्या सात वर्षं जुन्या गाडीची सर्व्हिसिंगची बिलं बघायला मागितली. काका म्हणाले, "आधी चहा घे, फाइल जाड आहे."