एसी हवा टनाटन!

‘लॉफ्ट’ हा शब्द आईसमोर उच्चारा. तिच्या डोळ्यांसमोर बाथरूमच्या वरचा तो कप्पा येतो, गणपतीचं मखर, तांब्याचा बंब आणि कुलूप हरवलेली सूटकेस ठेवायचा! आपल्या डोळ्यांसमोर मात्र उतरतं छप्पर, लाकडी वासे, बीन बॅग आणि पिवळा दिवा. खरं तर याला मराठीत सरळसोट ‘पोटमाळा’ म्हणतात. पण ‘मी पोटमाळ्यावर राहते’ म्हणण्यात काही स्टाइल नाही ना, बॉस!

ही स्टाइल साधारण होळीपर्यंत टिकते. त्यानंतर लॉफ्टची भट्टी होते.

माझा लॉफ्ट पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या डोक्यावर आहे. बारा बाय चौदा फूट, वर मंगलोरी कौलं. आढ्याखाली दहा फूट उंची, वळचणीला जेमतेम चार. मी लिहिते तेही इथेच. ऑफिसच्या थंडगार केबिनमध्ये पळून जायची सोय फ्रीलान्सरला नसते. दुपारी डोकं चाललं नाही, तर महिन्याचा चेकही चालत नाही. त्यामुळे एसी ही चैन नव्हती, गरज होती.

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘रूम केवढी?’ त्यावरून टनाचा हिशोब होतो. साधारण १२० चौरस फुटांपर्यंत १ टन, १८० पर्यंत दीड टन. वरचा मजला म्हटलं, की लगेच सल्ला मिळतो, ‘२ टन घेऊन टाका मॅडम, टेन्शनच नाही!’

इथे थांबायचं. एसीचा टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढायची ताकद म्हणजे १ टन. तासाला १२,००० बीटीयू. म्हणजे एसी थंडी बनवत नाही, उष्णता उपसतो. मग खोलीत उष्णता येते कुठून, हे आधी बघायला नको का? लॉफ्टमध्ये ती येते डोक्यावरून. गळकी बादली भरायला मोठा नळ लावण्यापेक्षा आधी भोक बुजवलेलं बरं.

म्हणून फंडा नंबर एक : आधी छप्पर, मग एसी. कौलांच्या फटींतून गरम हवा आत येते आणि एसीची गार हवा बाहेर जाते. त्यामुळे आधी फुटकी कौलं बदलायची, मग वाशांखाली फॉल्स सीलिंग आणि त्यावर रॉकवूलचा थर. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण तो पेट घेतो आणि वाशांमधून वायरिंग गेलेलं असतं, हे विसरू नका. गळती काढल्याशिवाय सीलिंग मारलंत, तर पहिल्या पावसात त्यावर नकाशे उमटतील.

तुमच्या डोक्यावर कौलांऐवजी पत्रा असेल, तर तो ऊन पडताच तापतो आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. काँक्रीटचा स्लॅब उलटा. दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री तुम्ही झोपायला गेलात, की हळूहळू परत करतो. दोन्हींवर पांढरा, ऊन परतवणारा रंग कामाला येतो. ही काही फॅशन नाही. तेलंगणानं २०२३ मध्ये अशा ‘कूल रूफ’साठी चक्क राज्याचं धोरण आणलं.

भाड्याच्या घरात हा खर्च कोणी करायचा? मी घरमालकांना म्हटलं, ‘काका, एसी माझा, मी जाताना घेऊन जाईन. सीलिंग तुमचंच राहणार. अर्धं-अर्धं?’ काका दोन दिवस विचार करून हो म्हणाले. पेठेत हा विक्रम आहे!

फंडा नंबर दोन : मशीन कुठलं? कूलर पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये छान चालतो, खिडकी उघडी ठेवली तर. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत मात्र तो फक्त आवाज करतो आणि चिकचिक वाढवतो. चाकांवरचा पोर्टेबल एसी भाडेकरूंना मोहात पाडतो. पण एकाच पाइपचा असेल, तर तो खोलीतलीच हवा बाहेर फेकतो आणि तितकीच गरम हवा फटींतून आत ओढली जाते. शिवाय कंप्रेसर उशाशी! विंडो एसी सुटसुटीत आणि घर बदलताना न्यायला सोपा, पण भिंतीला मोठं भोक पाडायची परवानगी हवी.

राहिला स्प्लिट. त्याचं आतलं युनिट सात-आठ फुटांवर लागतं आणि हवा घ्यायला वर थोडी मोकळी जागा लागते. वळचणीच्या चार फुटी भिंतीवर ते बसणारच नाही. त्यामुळे आढ्याखालची त्रिकोणी भिंत हीच त्याची जागा. बाहेरचं युनिट शक्यतो सावलीत आणि जिथे माणूस नीट उभा राहू शकेल तिथेच लावा. सर्व्हिसिंगला येणारा मुलगा तिसऱ्या मजल्यावर एका हातानं लटकून काम करणार असेल, तर ती जागा चुकलेली आहे. निथळणाऱ्या पाण्याच्या पाइपला सलग उतार द्या आणि तो खालच्या काकूंच्या पापडांवर संपणार नाही, हेही बघा!

फंडा नंबर तीन : टनाचा मोह टाळा. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि थांबतो. हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग पावसाळ्यात थंडही वाटतं आणि चिकटही. इन्व्हर्टर एसी वेग कमी करून चालतो, त्यामुळे बराच फरक पडतो, पण त्यालाही खालची मर्यादा असतेच. सीलिंग झाल्यावर माझं काम दीड टनाच्या इन्व्हर्टर स्प्लिटमध्ये भागलं. जिन्याच्या तोंडाशी दार मात्र लावावं लागलं. गार हवा जड असते, ती पायऱ्या उतरून खालच्या खोलीत जाऊन बसते. तुमचा लॉफ्ट हॉलवर उघडा असेल, तर हिशोब दोन्ही मजल्यांचा करा.

स्टार लेबलवर नुसते तारे मोजू नका. त्यावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तासांच्या वापरावर. रोज आठ तास धरले, तर २०० दिवस. त्यावरून आपलं बिल काढता येतं. लेबल कुठल्या वर्षाचं आहे तेही बघा, कारण निकष मधूनमधून कडक होतात आणि जुन्या पाच ताऱ्यांचे नव्या हिशोबात कमी भरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे टनात घालण्यापेक्षा वेगळ्या वायरिंगमध्ये आणि १६ अँपियरच्या पॉइंटमध्ये घाला. जुन्या इमारतीत ते आधी. आणि पंखा काढून टाकू नका. तो मंद सुरू असेल, तर २६ अंशांवरही मस्त झोप लागते.

बाकी, एसी लागला की दर रविवारी दुपारी मित्रमंडळींना अचानक तुमची आठवण यायला लागते. प्रत्येक जादा डोक्यामागे खोलीतली उष्णता वाढते. टनाच्या हिशोबात तीही धरा!