‘कॉन्सर्ट अर्थव्यवस्था’ आणि वादकाची मजुरी

२०२५ च्या जानेवारी महिन्यात कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन जलसे झाले. अहमदाबादच्या क्रीडांगणावर लाखाहून अधिक श्रोते जमले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २८ जानेवारीला, भुवनेश्वर येथील गुंतवणूकदारांच्या परिषदेत पंतप्रधानांनी या जलशांचा दाखला दिला आणि ‘कॉन्सर्ट अर्थव्यवस्थे’साठी पायाभूत सोयी व कौशल्ये उभारण्याचे आवाहन राज्य सरकारांना व खासगी क्षेत्राला केले. भांडवलदारी वृत्तपत्रांनी हा शब्द तत्काळ उचलून धरला. हॉटेलांची भाडी किती चढली, विमानांची तिकिटे किती खपली, याचे हिशेब रकानेच्या रकाने छापले गेले. या साऱ्या जमाखर्चात एका नोंदीला मात्र जागा मिळाली नाही. व्यासपीठावर उभा राहून जो वाजवतो, त्याच्या मजुरीची ती नोंद.

कोल्डप्लेच्या मजुरीची चिंता करण्याचे अर्थातच कारण नाही. प्रश्न आहे तो दिल्ली, कोलकाता, चेन्नई, शिलाँग, इम्फाळ, पुणे अशा शहरांतून स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या बँडांचा. चित्रपटाच्या आणि बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर राहून ते गाणी रचतात, म्हणून त्यांना ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, असे म्हटले जाते. हे स्वातंत्र्य नेमके कशापासूनचे आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

स्टुडिओतील ‘उचल’

या देशात ध्वनिमुद्रणाचा धंदा दीर्घकाळ एकाच कंपनीच्या, म्हणजे एच. एम. व्ही.च्या, मुठीत होता. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि ती मक्तेदारी मोडली. परंतु मोडलेल्या मक्तेदारीच्या जागी लवकरच टी-सीरिजसारखे नवे मक्तेदार उभे राहिले. यंत्र स्वस्त झाले म्हणून त्यावर राबणारा मुक्त होतो असे नाही. हा धडा पुढे पुन्हा एकदा गिरवावा लागला.

१९९० साली दिल्लीत सुष्मित सेन व असीम चक्रवर्ती यांनी स्थापन केलेल्या ‘इंडियन ओशन’ या बँडची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. १९९३ साली त्यांचा पहिला संग्रह एच. एम. व्ही.ने काढला. दुसरा संग्रह, ‘डेझर्ट रेन’, १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत, सफदर हाश्मीच्या स्मृतिप्रीत्यर्थ ‘सहमत’ने भरवलेल्या कार्यक्रमात प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर मुद्रित झाला. १९८९ च्या १ जानेवारीला साहिबाबादेत कामगारांसमोर पथनाट्य करीत असताना ज्याच्यावर प्राणघातक हल्ला झाला, त्या कलावंताच्या स्मरणासाठी जमलेला समुदाय हाच त्या संग्रहाचा स्टुडिओ ठरला. २००० साली आलेल्या ‘कंदीसा’ या संग्रहात क्रांतिकारक कवी गोरख पांडे यांचे ‘हिल्ले ले’ आहे. नर्मदा खोऱ्यातील लोकगीतही आहे. बँडचे एक गायक-वादक राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले कार्यकर्ते होत. मात्र हा संग्रह बाजारात आणला तो एका बलाढ्य वृत्तपत्रसमूहाच्या संगीत कंपनीने. श्रमिकांचे गाणे भांडवलाच्या दुकानातून विकले जाते, हा विरोधाभास कोणा एका वादकाच्या दुबळेपणातून निर्माण होत नाही. रचना वादकाची आणि वितरणाची साधने कंपनीची, या मालमत्तासंबंधांतून तो निर्माण होतो.

२०१० साली याच बँडने ‘१६/३३० खजूर रोड’ हा संग्रह दरमहा एक गाणे याप्रमाणे इंटरनेटवरून विनामूल्य दिला. करोलबागेतील ज्या जुन्या घरात त्यांचा सराव चाले, त्याचा हा पत्ता. कंपन्यांच्या जाचाला दिलेले हे उत्तर धाडसाचे होते. परंतु जी बुद्धिमंत मंडळी यात ‘धंद्याचा नवा नमुना’ पाहून आनंदित झाली, त्यांनी एक साधा प्रश्न विचारला नाही. वर्षानुवर्षांचा सराव, रचना आणि ध्वनिमुद्रण यांचे श्रम जर फुकट द्यावयाचे, तर वादकाने जगावे कशावर? उत्तर एकच उरते: रस्त्यावर. स्टुडिओतील श्रम ही रस्त्यावरील कार्यक्रमाची जाहिरात बनते आणि त्या जाहिरातीचा खर्च वादक स्वतःच्या खिशातून करतो.

कंपनीशी करार केला तरी स्थिती फारशी पालटत नाही. शिकागो येथील ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी (मृत्यू २०२४) यांनी १९९३ साली एका लेखात अडीच लाख डॉलरची आगाऊ रक्कम मिळालेल्या एका नमुनादाखल बँडचा ताळेबंद मांडला होता. स्टुडिओ, निर्माता, व्यवस्थापक, वकील यांचे हिस्से वजा जाता कंपनीच्या पदरी ७ लाख १० हजार डॉलर पडतात, आणि प्रत्येक वादकाच्या हाती सुमारे ४ हजार ३१ डॉलर. शिवाय रॉयल्टीच्या खात्यावर बँड कंपनीचा देणेकरी तो राहतोच. मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. तमाशाच्या फडात कलावंताला हंगामाआधी दिली जाणारी ‘उचल’ ती हीच. उचल घेतलेला कलावंत ती फिटेपर्यंत फडाशी बांधलेला राहतो. नारायणगावची राहुटी असो की अमेरिकेतील काचेची कचेरी, बंधन घालण्याची रीत एकच. अल्बिनी यांनी स्वतः रॉयल्टी घेण्यास नकार दिला आणि कामाचा ठरलेला मोबदला तेवढा घेतला, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

रस्ता

बँड दौऱ्यावर निघतो तेव्हा चार-पाच वादकांबरोबर ध्वनियोजक असतो, ढोलांच्या पेट्या असतात, गिटारी आणि ॲम्प्लिफायर असतात. ईशान्येकडील बँडला मुंबई वा बंगळूर गाठावयाचे तर प्रवासातच दिवस मोडतात. तालमीचे तास, प्रवासाचे दिवस, दुपारची ध्वनिचाचणी, रात्री उशिरा सामान बांधणे, यांपैकी कशाचीही मजुरी वेगळी मोजली जात नाही. मोजला जातो तो केवळ व्यासपीठावरील तासभर. त्या तासाच्या बिदागीतून व्यवस्थापकाचे कमिशन, प्रवास, भाड्याची वाद्ये आणि आगाऊ कापलेला १० टक्के कर जाऊन जे उरते, ते हाती पडण्यास आठवडेच्या आठवडे लोटतात. नवख्या बँडला तर ‘प्रसिद्धी मिळेल’ एवढ्या आश्वासनावर बोलावले जाते. कारखानदाराने कामगाराला ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट राबवावे, त्यातलाच हा प्रकार.

व्यासपीठाचा धनी कोण, हेही पाहण्यासारखे आहे. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीस कायद्याने बंदी आहे. म्हणून मद्य कंपन्या आपली नावे संगीत महोत्सवांना देतात. २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या ‘एन.एच. ७ वीकेंडर’ या महोत्सवाच्या नावापुढेच एका मद्याचे नाव होते. तिकीटविक्री मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीटविक्रीचा धंदा २,०४८ कोटी रुपयांना विकत घेतला. जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या तरुणाच्या श्रमावर वाढलेले भांडवल आता गाणाऱ्याच्या श्रमाकडे वळले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सर्व व्यासपीठे एका रात्रीत बंद झाली, तेव्हा ‘स्वतंत्र’ वादकाला भविष्यनिर्वाह निधी नव्हता, आजारपणाचा विमा नव्हता, आणि ज्याच्याकडे दाद मागावी असा मालकही नव्हता. मालक अदृश्य असणे हेच या स्वातंत्र्याचे खरे रूप होय.

अज्ञात दराचे उक्ते काम

आज ध्वनिमुद्रण एका लॅपटॉपवर होऊ शकते. यावरून उत्पादनसाधने वादकाच्या हाती आली असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धवट आहे. उत्पादनाचे साधन स्वस्त झाले, पण श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचे साधन पूर्वीपेक्षा अधिक केंद्रित झाले. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. अशा मंचांवर वर्गणीचे व जाहिरातीचे पैसे एका गंगाजळीत जातात आणि एकूण ऐकण्यातील हिस्स्यानुसार वाटले जातात. एखादी विद्यार्थिनी महिनाभर एकाच लहान बँडची गाणी ऐकत असली, तरी तिच्या वर्गणीचा मोठा भाग ज्यांना तिने ऐकलेही नाही अशा बड्या कंपन्यांच्या मालाकडे जातो. २०२४ पासून तर वर्षभरात १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्यास स्पॉटिफायवर ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. उक्त्या कामाची मजुरी शोषण कशी झाकते, हे मार्क्सने ‘भांडवल’मध्ये दाखवून दिले. पण त्या काळच्या कामगाराला निदान नगाचा दर तरी ठाऊक असे. येथे दर महिनाअखेरीस ठरतो, आणि ठराविक संख्येखाली केलेले काम कामच मानले जात नाही.

दोन चुकीच्या भूमिका

या प्रश्नाबाबत दोन चुकीच्या भूमिका आढळतात. पहिली उघड भांडवलदारी आहे. वादक हा उद्योजक आहे, त्याने स्वतःचा ‘ब्रँड’ करावा, जो टिकेल तो टिकेल, असे ती सांगते. बहुसंख्य बँड फुटतात ते सूर न जुळल्याने नव्हे, घरभाडे न जुळल्याने, हे ती लपवते.

दुसरी भूमिका पुरोगामी वर्तुळातच ऐकू येते. गिटार घेऊन नाचणारी ही शहरी मध्यमवर्गीय पोरे, त्यांचे संगीत पाश्चात्त्य, त्यांच्याशी श्रमिकांच्या चळवळीचे काय नाते, अशी ती भूमिका आहे. ती घेणाऱ्यांनी इतिहास आठवावा. १९४३ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘इप्टा’ने कोणतेही वाद्य परके मानले नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक डफ-तुणतुणे घेऊन गिरण्यांच्या दारात गेले, कारण तेथला श्रोता त्या वाद्यांचा होता. आजचा तरुण श्रोता दुसऱ्या वाद्यांचाही आहे. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये व्यासपीठावर आलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने दलित वस्त्यांतील गाना संगीत आणि रॉक एकत्र आणून जातिव्यवस्थेवर हल्ला चढवला. वाद्याची जात पाहणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

शिवाय प्रश्न केवळ आशयाचा नाही. मार्क्सने गायिकेचेच उदाहरण दिले आहे. ती स्वतःच्या आनंदासाठी गाते तेव्हा तिचे श्रम भांडवलाच्या दृष्टीने उत्पादक नसतात. तीच गायिका धंदेवाल्याने पैसा कमावण्यासाठी गावयास लावली की भांडवल निर्माण करणारी श्रमिक ठरते. गाणे तेच, गळाही तोच, बदलतो तो संबंध. वादक प्रेमगीत वाजवतो की क्रांतिगीत, यावर त्याचा मजुरीचा हक्क अवलंबून नाही. आणि त्याच्या मागे उभे असलेले ध्वनिवाले, दिवाबत्तीवाले, मंडप उभारणारे हमाल, सामानगाडीचे चालक यांच्याविषयी तर संशयाला जागाच नाही.

काय मागावयाचे?

२०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्ती कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा कायम राखला. तो कलावंतांच्या एकजुटीच्या लढ्यातून मिळाला, कंपन्यांच्या उदारतेतून नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो योग्य आहे. तरीही त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या परिशिष्टात ‘आशय व माध्यम सेवा’ पुरवणाऱ्या मंचांचा समावेश आहे, आणि अशा मंचांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी द्यावी अशी तरतूद आहे. मग ज्यांच्या गाण्यांवर ही उलाढाल चालते, ते वादक लाभार्थींच्या गणतीत का नसावेत, हा प्रश्न सरकारच्याच कायद्यावर बोट ठेवून विचारता येतो.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक कार्यक्रमाचा लेखी करार व्हावा आणि बिदागीचा निम्मा भाग आगाऊ मिळावा. ध्वनिचाचणी व प्रवास हा कामाचा वेळ धरला जावा. किमान बिदागी ठरावी आणि ‘प्रसिद्धी’च्या नावाखालील वेठबिगार बंद व्हावी. गाण्यांचे मंच हिशेब खुले करोत. नगरपालिकांची नाट्यगृहे व सभागृहे लहान बँडांना परवडणाऱ्या भाड्यात मिळोत. वरातीच्या बँडवाल्यापासून तमाशाच्या ढोलकीवाल्यापर्यंत आणि रॉक बँडच्या गिटारवादकापर्यंत सर्वांची नोंद वादक-कामगार म्हणून व्हावी.

सुपारी घेणारा ढोलकीवाला आणि महोत्सवात वाजवणारा गिटारवाला एकमेकांना ओळखत नाहीत, यावरच मधल्या दलालांचा संसार चालतो. त्यांची ओळख करून देण्याचे काम कोणतीही ‘कॉन्सर्ट अर्थव्यवस्था’ करणार नाही. ते संघटनेलाच करावे लागेल.