बियाण्याची मुडी

फुटबॉलचा हंगाम जवळ आला की मडगावपासून म्हापशापर्यंत तिठ्यातिठ्यावर एकच प्रश्न ऐकू येतो: यंदा आपल्या संघात कोण येणार? या 'कोण'चा अर्थ बहुधा ठरलेला असतो. तिशी ओलांडलेला, युरोपात वा ब्राझीलमध्ये नाव कमावलेला एखादा परदेशी खेळाडू. गोव्याच्याच कोण्या मुलाला यंदा संधी मिळणार, हे विचारणारा क्वचितच भेटतो. प्रेक्षकांच्या या उत्सुकतेस आम्ही दोष देत नाही. तिकीट काढणाऱ्यास विजय आजच हवा असतो. परंतु संघ चालविणाऱ्यांनीही त्याच घाईने विचार करावा काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

हाच वाद अमेरिकेत उघड हिशेबाने मांडला जातो. तेथील फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू बहुधा हातातच असतो. पण त्या खेळाच्या व्यावसायिक लीगने 1936 सालापासून एक शहाणी प्रथा चालविली आहे. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे, आणि गेल्या हंगामात जो तळाशी राहिला त्याने प्रथम निवडायचे. यास तेथे 'ड्राफ्ट' म्हणतात. निवडीची ही पाळी विकता येते, पुढच्या दोन-तीन वर्षांची पाळीसुद्धा. त्यामुळे प्रत्येक संघाच्या व्यवस्थापकापुढे आपल्याकडील कुळाच्या घरात पडावा तसाच पेच पडतो: पेरणीसाठी राखून ठेवलेली बियाण्याची मुडी सोडून आजचा भात शिजवावा की नाही?

मुडी सोडणाऱ्यांपैकी काहींचे भले झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लॉस एंजेलिसच्या 'रॅम्स' संघाने 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षे पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. त्या पाळ्या त्याने देवघेवीत खर्ची घातल्या होत्या. त्यांपैकी दोन देऊन त्याने 2021 मध्ये डेट्रॉइटकडून मॅथ्यू स्टॅफर्ड हा बारा हंगाम खेळलेला क्वार्टरबॅक आणला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये सिनसिनाटीचा 23-20 असा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. मुडी सोडा म्हणणारे तेव्हापासून हेच उदाहरण देतात. पण त्या सामन्याची अखेरची दोन मिनिटे त्यांनी पुन्हा पाहावीत. विजयी चेंडू फेकला तो विकत आणलेल्या स्टॅफर्डने हे खरे. झेलला मात्र कूपर कपने, ज्याला याच संघाने 2017 मध्ये तिसऱ्या फेरीत निवडून घडविले होते. आणि प्रतिस्पर्ध्याचा शेवटचा प्रयत्न उधळला तो आरन डोनाल्डने. तोही 2014 पासून याच घरचा. अनुभवी पाहुण्याने कळस चढविला, पण देऊळ आधी उभे होते. त्याच्या पुढच्याच हंगामात हा अजिंक्य संघ सतरापैकी पाचच सामने जिंकू शकला, हेही ध्यानात ठेवावे.

जेथे देऊळच नव्हते तेथे काय झाले? 2022 मध्ये डेन्व्हरने पहिल्या फेरीच्या दोन, दुसऱ्या फेरीच्या दोन पाळ्या आणि वर तीन खेळाडू देऊन रसेल विल्सनला आणले. दोन हंगामांनंतर त्यालाच मोकळे करून बसले. त्याहून बोलके उदाहरण 1989 सालचे. मिनेसोटाने हर्शेल वॉकर या गाजलेल्या धावपटूसाठी डॅलसला पाच खेळाडू व पाळ्यांची रासच्या रास देऊन टाकली. डॅलसचा संघ तेव्हा तळाशी होता. त्या पाळ्यांच्या बळावर त्याने तरुणांची फळी उभारली आणि 1992 ते 1995 या चार हंगामांत तीन वेळा अजिंक्यपद पटकाविले. मिनेसोटा एकदाही त्या पायरीपर्यंत पोहोचला नाही.

आमच्याकडे ड्राफ्टची पद्धत रुजली नाही. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला, 2017 मध्येही झाला, पुढे तो बंद पडला. म्हणून विकण्यासारखे आमच्याकडे काही नाही असे कोणी समजू नये. मैदानावर जागा अकराच असतात. त्यांतील प्रत्येक जागा ही आमची 'पाळी' आहे, आणि ती कोणाला द्यायची याचा सौदा दरवर्षी होतच असतो. फरक इतकाच की अमेरिकेत त्याची नोंद कागदावर होते, आमच्याकडे ती कोठेच होत नाही.

2014 च्या त्या पहिल्या हंगामात प्रत्येक संघाने एक वलयांकित खेळाडू आणला. दिल्लीत देल पिएरो, पुण्यात त्रेझेगे, केरळात चव्वेचाळीस वर्षांचा डेव्हिड जेम्स. आमच्या एफसी गोवा संघात झिको प्रशिक्षक आणि रोबेर पिरेस मैदानावर. त्याच हंगामात त्याने वयाची एकेचाळिशी गाठली. एका संघातील सहा परदेशी खेळाडू एका वेळी मैदानावर असू शकत होते. पुढच्या वर्षी लुसियो आला, संघ अंतिम सामन्यात गेला, आणि फातोर्ड्याच्या भरल्या मैदानावर सत्त्याऐंशीव्या मिनिटास 2-1 अशी आघाडी घेऊनही चेन्नईकडून 3-2 असा हरला. ती रात्र गोवेकर विसरलेले नाहीत. 2016 मध्ये झिको तेच, लुसियोही तोच; संघ मात्र आठांत आठवा.

आणि नेमक्या त्याच वर्षी धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. आमच्या मते गोव्याच्या फुटबॉलची मुडी सुटली ती तेव्हा. 2007-08 पासून 2012-13 पर्यंत सलग सहा वर्षे आय-लीगचे अजिंक्यपद गोव्याबाहेर गेले नव्हते: धेंपो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. धेंपोच्या त्या संघात समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी अशी इथल्याच मातीतली मुले होती आणि आर्मांदो कुलासो हे एकच प्रशिक्षक वर्षानुवर्षे त्यांना घडवीत होते. परदेशी खेळाडू तेव्हाही होते. पण रँटी मार्टिन्स हा नायजेरियन धेंपोत आला तो विशीच्याही आत, कीर्ती मागे ठेवून नव्हे. तो येथेच वाढला आणि 2011-12 च्या लीगमध्ये त्याने एकट्याने 32 गोल केले.

वय झालेला खेळाडू आणूच नये, असा आमचा हेका नाही. 2017 मध्ये कोरोमिनास हा स्पॅनिश खेळाडू चौतिसाव्या वर्षी गोव्यात आला आणि तीन हंगामांत लीगचे 48 गोल करून गेला. मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस यांसारखे आपले खेळाडू त्याच्या भोवती खेळत होते, म्हणूनच 2019-20 मध्ये संघ साखळीत अव्वल ठरून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरू शकला. असा पाहुणा हवाच. तो कोणाची जागा अडवीत नाही, रिकामी असलेली जागा भरतो, आणि सरावात शेजारी उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला चेंडूवाचून कोठे धावावे हे न बोलता शिकवितो.

तेव्हा संचालक मंडळींकडे आमचे मागणे साधे आहे. तिशीपलीकडच्या कोणत्याही खेळाडूशी करार जाहीर करताना तीन गोष्टी जाहीर कराव्यात: तो कोणाच्या जागी खेळणार, किती महिने, आणि त्याच्यानंतर त्या जागेसाठी आपल्या अकादमीतला कोणता मुलगा तयार होत आहे. पाहुण्याच्या स्वागताला विमानतळावर जमणाऱ्या पत्रकारांनीही निदान तिसरा प्रश्न विचारल्यावाचून परतू नये.