पोटरीचे दोन स्नायू, दोन वेगळी कामे

जिममध्ये छाती आणि दंडांवर तास घालवणारेही पोटऱ्यांना जेमतेम पाच मिनिटे देतात. २०२२ पासून मात्र पोटरी वेगळ्याच कारणाने चर्चेत आली. खुर्चीत बसून टाचा उचलल्या की रक्तातील साखर आटोक्यात येते, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागल्या. ‘आयसीएमआर’च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे इतका सोपा उपाय अनेकांना पटणे साहजिक आहे. प्रश्न असा, की त्यातून नेमके काय साधते?

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. वरचा, फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमिअस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो. त्याखालचा चपटा सोलिअस गुडघ्याच्या खाली सुरू होतो. दोघेही अकिलीस कंडरेतून टाचेला जोडलेले असतात. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि बराचसा भार सोलिअसवर येतो. उडी मारताना, धावताना वरचा स्नायू जोर देतो. उभे राहताना आणि चालताना सहज न थकणारा सोलिअस राबतो. पायातील रक्त हृदयाकडे परत ढकलण्यातही त्याचा मोठा वाटा असतो.

म्हणूनच ‘वरच्यासाठी उभ्याने, खालच्यासाठी बसून’ असा जिममधला हिशेब रूढ झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने तो अर्धाच खरा ठरवला. व्यायामाची सवय नसलेल्या १४ जणांनी एका पायाने उभ्याने आणि दुसऱ्या पायाने बसून, आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे टाचा उचलल्या. उभ्याने व्यायाम केलेल्या पायात गॅस्ट्रोक्नेमिअसचे दोन भाग सुमारे ९ आणि १२ टक्क्यांनी वाढले. बसून केलेल्या पायात वाढ दोन टक्क्यांच्याही आत राहिली. सोलिअस मात्र दोन्हीकडे सारखाच, दोन-तीन टक्के वाढला. प्रयोग लहान असला तरी, वेळ कमी असेल तर उभ्याने केलेला व्यायाम अधिक फायद्याचा, असे त्यातून दिसते.

साखरेचा दावा ह्यूस्टन विद्यापीठातील संशोधनातून आला. तिथे जेवणानंतरच्या साखरेवर नव्हे, ग्लुकोजचे पेय दिल्यानंतरच्या साखरेवर मोजमाप झाले. तिची वाढ सुमारे निम्म्याने कमी भरली. पण सहभागी थोडे होते, स्नायूंची हालचाल यंत्राने तपासत त्यांना नेमकी पद्धत शिकवली होती आणि व्यायाम तासन्‌तास चालला होता. चित्रफितीतील दोन मिनिटांना तो निष्कर्ष लावता येत नाही. त्याच्या भरवशावर औषध किंवा चालणे सोडणे धोक्याचे ठरेल.

समतोलासाठी भिंतीचा किंवा कठड्याचा आधार घेऊन, गुडघे सरळ ठेवून, टाचा सावकाश उचलाव्यात आणि त्याहून सावकाश खाली आणाव्यात. आठवड्यातून दोनदा हे पुरते. नडगीच्या पुढच्या स्नायूसाठी टाचा जमिनीवर ठेवून चवडे उचलावेत. चालताना पाऊल अडखळू नये, हे त्याचे काम. बसून टाचा उचलणे कार्यालयात किंवा लांबच्या प्रवासात चांगलेच, फक्त ते बाकीच्या व्यायामाची जागा घेत नाही. पायाला बधिरपणा किंवा जखम असलेल्या मधुमेहींनी आधी डॉक्टरांना विचारावे. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर व्यायाम नव्हे, तातडीने दवाखाना. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.