पुस्तकातला नियम

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर काय चालतं ते सांगायला नको. एका जर्नलवरून दहा जर्नलं उतरतात. मीही उतरवली आहेत. परवा न्यूयॉर्क पोलिसांच्या प्रशिक्षणाबद्दल वाचताना तेच आठवलं.

तीस हजारांहून जास्त पोलिसांचं हे खातं. भरती झालेल्यांना अकादमीत जवळजवळ सहा महिने प्रशिक्षण. क्वीन्समधल्या नव्या अकादमीत तर सरावासाठी खोटी बँक, खोटं कोर्टसुद्धा आहे!

आता हे बघा. पकडताना कोणाचा गळा आवळायचा नाही, असा या खात्याचा नियम १९९३ पासून आहे. तरी जुलै २०१४ मध्ये, सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून एरिक गार्नरला पकडताना एका पोलिसाने त्याच्या गळ्याभोवती हात आवळला. ‘श्वास घेता येत नाही,’ असं तो ११ वेळा म्हणाला. आणि गेला. मग हजारो पोलिसांना तीन दिवसांचं फेरप्रशिक्षण. तो पोलीस बडतर्फ व्हायला २०१९ उजाडलं.

माझं मत साधं आहे. प्रशिक्षण किती महिन्यांचं, हा प्रश्न नंतरचा. झटापटीत डोकं थांबतं, हात चालतो. नियम त्या हातात उतरला पाहिजे. आणि शेजारी उभ्या सहकाऱ्याला ‘सोड त्याला’ म्हणायची सवय लागली पाहिजे. तिथे बाकीचे पोलीसही होतेच की!

मित्रांनो, उद्या लिफ्ट, बॉयलर, पूल यांच्या कागदांवर आपण सह्या करणार. तेव्हा कोणाचा तरी श्वास आपल्याही हातात असेल. निदान पुढचं रीडिंग तरी स्वतः घेऊ या.