झडती पुरी होण्याआधीच...

महिन्यातून दोनदा मी पेणहून रोह्याला जाते. बचत गटांच्या वह्या तपासायच्या, बँकेचे कागद भरून द्यायचे, असं माझं काम. जून २०२५ मधल्या एका बैठकीत मात्र पापड-मिरगुंडाच्या हिशेबात कुणाचंच लक्ष लागेना. गटातल्या एका भाभींचे मिस्टर कुवेतला नोकरीला. इराण अणुबॉम्ब करतोय या संशयावरून आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणवर हल्ले केले होते. इराणने उलट कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि कुवेतसह आखातातल्या काही देशांनी काही तास विमानं बंद ठेवली. भाभी सारख्या मोबाईल बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, बॉम्ब आहे की नाही ते त्यांचं त्यांना ठाऊक. आमचा माणूस मात्र मधे सापडलाय."

झालं, विषय पेटला. कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "शेजारी बंदूक लपवून बसलाय असं कळल्यावर तो गोळी झाडेपर्यंत वाट बघायची का?" तिच्या शेजारची लगेच म्हणाली, "इराकच्या वेळी हेच सांगितलं होतं ना? काय सापडलं तिथे?"

इराणचा निकाल लावायला मी बसलेली नाही, ते खातं अजून मिटलेलं नाही. इराकचं खातं मात्र तपासून झालंय, आणि तपासणाऱ्यांत चढाई करणारेच होते. म्हणून आज त्या वहीची पानं उलटू या.

सद्दाम हुसेन हा काही साधुसंत नव्हता, हे आधी मान्य करू. मार्च १९८८ मध्ये त्याच्या फौजेने हलब्जा गावावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसं मेली, त्यात बायका-मुलंच जास्त. ऑगस्ट १९९० मध्ये त्याने कुवेत गिळलं. तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी घरी आणावं लागलं. अंगावरच्या कपड्यांनिशी परतलेली माणसं आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांनी पाहिली आहेत. तेव्हा संशय हवेतून आलेला नव्हता. पूर्वी गुन्हा केलेल्या माणसावर पुन्हा संशय जातोच.

पण संशय आल्यावर करायचं काय? नोव्हेंबर २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव करून इराकला तपासणी मान्य करायला लावली. हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक महिनाअखेरीस बगदादला पोचले. त्यांनी सातशेच्या वर तपासण्या केल्या. जुनी-पुराणी थोडी सामग्री मिळाली, पण ज्यांच्या नावाने एवढा गजर चालला होता ते साठे काही मिळाले नाहीत. अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख एल बरादेई यांनी मार्च २००३ मध्ये सांगून टाकलं की इराकने नायजर देशातून युरेनियम मागवल्याचे कागद खरे नाहीत. ब्लिक्स यांना काम पुरं करायला आणखी काही महिने हवे होते. ते मिळाले नाहीत. २० मार्च २००३ ला अमेरिका, ब्रिटन आणि त्यांच्या साथीदारांच्या फौजा इराकमध्ये घुसल्या. झडती चालू होती, आणि झडती घेणाऱ्यांनाच बाहेर काढून दार फोडलं!

पुढे अमेरिकेच्याच तपास पथकाने दीड वर्ष देश धुंडाळला. २००४ मध्ये त्यांचा अहवाल आला : शस्त्रांचे साठे नाहीत, ते १९९१ नंतर नष्ट केले गेले होते. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये साऱ्या जगासमोर ज्या फिरत्या जंतू-प्रयोगशाळांचं चित्र उभं केलं होतं, त्यांची माहिती जर्मनीत आश्रय घेतलेल्या एका इराकी माणसाकडून आली होती. आपण खोटं बोललो होतो, हे त्याने २०११ मध्ये कबूल केलं. ब्रिटनने नेमलेल्या चिल्कॉट चौकशीचा अहवाल २०१६ मध्ये आला. शांततेचे मार्ग संपलेले नसतानाच युद्ध पुकारलं, असं त्यात स्वच्छ म्हटलंय.

"कर नाही त्याला डर कशाला? लपवायचं काही नव्हतं तर सद्दामने सगळं उघडं करून का नाही दाखवलं?" हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला आणि तो चुकीचा नाही. त्याचं उत्तर त्याच २००४ च्या अहवालात सापडतं. शेजारच्या इराणशी त्याचं आठ वर्षं युद्ध झालेलं. आपल्याकडे काहीच उरलं नाही हे इराणला कळू नये, असं त्याला वाटत होतं. घरात एकटी राहणारी बाई दाराबाहेर पुरुषाच्या चपला ठेवते ना, तसलाच प्रकार. त्याचा तो डाव त्याच्या लोकांना महाग पडला. पण "माझ्याकडे नाही" हे सिद्ध कसं करायचं, सांगा बघू? असलेली वस्तू दाखवता येते, नसलेली कशी दाखवणार?

रोह्याच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांचे वास त्यांच्या ओळखीचे आहेत, आणि बाहेरून ड्रम बघून आत काय आहे ते कळत नाही हेही त्यांना माहीत आहे. रंगासाठी, औषधासाठी, कीटकनाशकासाठी लागणारी काही रसायनं विषारी वायूसाठीही वापरता येतात. म्हणून तर आत जाऊन, नमुने घेऊन, वह्या पडताळून बघणारा जाणकार लागतो. आकाशातून काढलेल्या फोटोवर भागत नाही. अशी तपासणी चालते का? चालते. उदाहरण आपल्याच देशाचं आहे. भारताने १९९७ मध्ये आपल्याकडे रासायनिक शस्त्रं असल्याचं आंतरराष्ट्रीय करारानुसार जाहीर केलं आणि निरीक्षकांच्या देखरेखीखाली २००९ पर्यंत ती सगळी नष्ट केली. वेळ लागला, पण एक गोळीही सुटली नाही.

आता घरातलीच एक गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या पेटीत बाराशे रुपये कमी भरले. त्या आठवड्यात पेटी जिच्याकडे होती, तिचा नवरा पिणारा, पूर्वी उसनवारीवरून एकदा भांडण झालेलं. आम्हा चौघींना खात्रीच वाटली. मी म्हणत होते की आधी वही तपासू, पण ते पुरेशा जोराने म्हटलं नाही. आम्ही तिच्या घरी गेलो. तांदळाच्या डब्यापासून गोधड्यांपर्यंत सगळं उपसलं. तिची मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. तिसऱ्या दिवशी कळलं की वहीत एकच हप्ता दोनदा लिहिला गेला होता. पैसे गेलेच नव्हते. आम्ही पाया पडून माफी मागितली. ती "असू दे ताई" म्हणाली आणि पुन्हा गटात आली नाही. तिची मुलगी आजही बाजारात दिसली की रस्ता बदलते.

वही तपासायला तीन दिवस लागले असते. त्या तीन दिवसांची घाई आम्हाला कशाची होती, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा धाटावच्या एक वहिनी उसळून म्हणाल्या, "ताई, मग आमचं काय?" वहिनी मूळच्या नांदेडकडच्या. "हैदराबादमध्येही भारताची फौज घुसलीच ना? रझाकारांनी आमच्या आजेसासऱ्यांचं घर लुटलं होतं. फौज आली म्हणून आम्ही सुटलो. तीही चढाई चूकच का?"

प्रश्न बिनतोड होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. हाच दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. तिथेही चोरट्या शस्त्रांचा मुद्दा होताच. पण ती शस्त्रं संशयापुरती नव्हती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरभरून ती खरोखरच आणत होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाला, त्यानंतर महिनोन्‌महिने बोलणी चालली. कासिम रझवीच्या रझाकारांचे अत्याचार रोज घडत होते. आणि मला सगळ्यात मोठा वाटणारा फरक हा की, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली तिथली माणसं स्वतःच लढत होती, तुरुंगात जात होती. त्यांना भारतात यायचं होतं. इराकी माणसाला कुणी विचारलं होतं?

म्हणून मी वहिनींना म्हटलं, ती कारवाई मला रास्त वाटते. पण तिचंही दुसरं पान वाचायला हवं. सैन्य आल्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत बेकसूर मुसलमानांची कत्तल झाली. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा आकडा कमीत कमी २७ ते ४० हजार असा अंदाजला. तो अहवाल वर्षानुवर्षं दडून राहिला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं. भाभी मान खाली घालून ऐकत होत्या. वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

आणि सैन्याने सगळेच प्रश्न सुटले असंही नाही. निजामाचा प्रश्न पाच दिवसांत मिटला, पण तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत राहिलं. आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा १९५१ मध्ये तिथे पायी फिरले, आणि पोचमपल्लीला त्यांना पहिलं भूदान मिळालं. रास्त लढाईनंतरही कुणाला तरी गावोगाव चालत जावं लागतं.

इराकमध्ये असं चालत जाणारं कोण होतं? चढाईनंतर दोनच महिन्यांत तिथलं सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं हातात बंदूक आणि चूल थंड, अशी रस्त्यावर आली. त्या गोंधळातून पुढे आयसिस उभी राहिली. नोंद झालेल्या नागरी मृत्यूंचाच आकडा दीड लाखाच्या वर आहे. अमेरिकेचेही साडेचार हजारांच्या आसपास सैनिक गेले. त्यांच्याही आया रडल्याच असतील. आणि झळ आपल्यापर्यंत पोचली. २०१४ मध्ये केरळच्या ४६ नर्सेस तिथे अडकल्या, नशिबाने सुखरूप परतल्या. मोसुलमध्ये मजुरीला गेलेले ३९ भारतीय मात्र मारले गेले. त्यांच्या बायकांना खरं काय ते कळायला २०१८ साल उजाडलं. चार वर्षं कुंकू लावायचं की नाही हेही ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना जाऊन विचारा, ही लढाई रास्त होती का?

आपल्या देशाने त्या वेळी काय केलं, हे मुलांना जरूर सांगा. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने एकमताने या चढाईची निंदा केली. तेव्हा अध्यक्षपदावर होते आपल्या रायगडातल्या नांदवीचे मनोहर जोशी. अमेरिकेला आपले हजारो जवान इराकमध्ये हवे होते. काही जण म्हणत होते, पाठवा, पुढे फायदा होईल. वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ ला निर्णय दिला : संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय जवान जाणार नाहीत. किती घरांतली सुनी पाटं त्या एका 'नाही'ने वाचली असतील! मोठ्या देशाला दुखवायचं नाही, पण त्याच्या चुलीत आपलं लाकूड घालायचं नाही, हे तेव्हा जमलं.

मग माझं मत काय? संशय खोटा निघाला म्हणून चढाई चूक, एवढंच मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर ती नशिबाची गोष्ट होईल, साठे सापडले असते तर बरोबर ठरली असती. शोधणारी माणसं आत होती, त्यांना कुणी अडवून धरलं नव्हतं आणि ती आणखी वेळ मागत होती. तो न देता बॉम्ब टाकले, म्हणून ती त्याच दिवशी चूक होती. कॉलेजातल्या त्या मुलीलाही मी हेच म्हटलं. शेजाऱ्याने बंदूक रोखलीच तर गप्प बसायचं नाही. पण बंदूक आहे का ते बघायला पंच त्याच्या घरात गेलेले असताना घर पेटवायचंही नाही.

पुन्हा कधी टीव्हीवर "त्यांच्याकडे शस्त्रं आहेत" असा घोष सुरू झाला, की स्वयंपाक करता करता चार गोष्टी विचारा. बघितलं कुणी? तपासणी पुरी झाली का? तिथल्या माणसांना काय हवंय? आणि नंतरचं कोण निस्तरणार?

त्या दिवशी पापडांचा हिशेब राहिलाच. रात्री भाभींचा फोन आला, मिस्टरांशी बोलणं झालं होतं, ते ठीक होते. मी वही उघडली आणि रोह्याच्या गटाच्या नोंदी पहिल्यापासून पुन्हा तपासल्या. आता ती सवयच लागली आहे.